आपल्या शिक्षकांनी केलेली एखादी नेमकी गोष्ट सांगाल का?

बोरीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा पारोळा तालुक्यातला. पाटबंधारे खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि आता अमळनेरला राहतो. १९८२ साली दहावी झालेल्या आमच्या तुकडीचा मेळावा दिवाळीनंतर भरणार आहे. त्या निमित्ताने एक छोटी स्मरणिका काढायचे ठरले असून आमच्या मराठीच्या सरांवरचा लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सर आज ८६ वर्षांचे आहेत. त्यांची प्रकृती ठीक आहे, पण दृष्टी फार अधू झाली आहे.

गेले तीन आठवडे मी रोज लिहायला बसतो आणि दहा-बारा ओळींवर थांबतो. वर्गमित्रांनी आपापल्या आठवणी पाठवल्या आहेत. ‘सर शिस्तप्रिय होते’, ‘सरांनी आमच्यावर संस्कार केले’, ‘सरांनी आम्हाला घडवले’ अशी वाक्ये जवळपास प्रत्येकाने लिहिली आहेत. त्यातले एकही वाक्य खोटे नाही, परंतु ती सगळी वाक्ये खानदेशातल्या कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही चांगल्या शिक्षकाच्या छायाचित्राखाली छापली तरी शोभतील. आमच्या सरांनी म्हणजे नेमके काय केले, हे त्यातून कळत नाही. मला स्वतःलाही सरांची सायकल आठवते, सदऱ्याच्या खिशात ठेवलेल्या खडूची पांढरी भुकटी आठवते, वहीच्या समासात लाल शाईने काढलेले त्यांचे बारीक, किंचित डावीकडे झुकलेले अक्षर आठवते. पण त्या अक्षरांत काय लिहिलेले असे, ते मात्र आठवत नाही. माझ्या आयुष्याला ज्यांनी वळण दिले असे मी मनापासून मानतो, त्यांनी ते कसे दिले हे मला सांगता येऊ नये, याचे फार वाईट वाटते.

म्हणून इथल्या खानदेशी मंडळींना विनंती आहे. आपल्या आयुष्यावर ज्या शिक्षकांचा ठसा उमटला, त्यांनी केलेली एखादी नेमकी, डोळ्यांनी पाहिलेली कृती सांगावी. शिक्षकांचे व शाळेचे नाव नसले तरी चालेल. कदाचित आपले वाचून मला माझे आठवेल.

साक्रीकर यांचे उत्तर

दादा, नमस्कार. आपला प्रश्न वाचला आणि मला आमच्या पहिली-दुसरीच्या गुरुजींनी फळ्यावर काढलेले दोन रकाने डोळ्यांपुढे दिसू लागले.

आमचे गाव साक्री तालुक्यातले, जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची आणि चार वर्गांना मिळून शिक्षक दोन. घरी, गल्लीत, वावरात सगळीकडे आमची अहिराणी. मी शाळेत गेलो तेव्हा मला पुस्तकातली मराठी ही निराळी भाषा आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. आधी जे शिक्षक होते, त्यांच्यासमोर तोंडून ‘मनी माय वावरमा गयी’ (माझी आई शेतात गेली) असे निघाले की ते मुलाला वर्गाबाहेर उभे करीत. त्याचा परिणाम असा झाला की आम्ही काही मुलांनी वर्गात बोलणेच सोडून दिले. मी जवळजवळ चार महिने हजेरी देण्यापुरता तोंड उघडत होतो.

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली आणि नवे गुरुजी आले. ते नाशिककडचे होते, त्यांना अहिराणी येत नव्हती. पहिल्या आठवड्यात ते आमच्याकडून फक्त ऐकत राहिले. मग एके दिवशी त्यांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे ‘घरचे’ आणि उजवीकडे ‘पुस्तकातले’ असे लिहिले आणि आम्हाला एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. डावीकडे डोया, काया, केय, फय, शाया. उजवीकडे डोळा, काळा, केळ, फळ, शाळा. सात-आठ शब्द झाल्यावर ते बाजूला सरकले आणि म्हणाले, ‘आता तुम्हीच बघा, यात काय दिसते.’ बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली की घरी ‘य’ आहे तिथे पुस्तकात ‘ळ’ आहे. गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि पुढचे शब्द तिला लिहायला लावले. आपण चुकीचे बोलत नसून दुसऱ्या एका नियमाने बोलतो, हे मला सहाव्या वर्षी कळले ते असे.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. नियम सापडल्याच्या भरात मी दुसऱ्या दिवशी पाटीवर ‘आईची माळा’ असे लिहून नेले. मला ‘आईची माया’ म्हणायचे होते. पण ‘माया’मधला ‘य’ पाहून मी तोही बदलून टाकला होता. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माझी पाटी वर्गाला दाखवली, ‘याने नियम मनापासून लावून पाहिला म्हणून आपल्याला पुढची गोष्ट कळणार आहे,’ असे सांगितले आणि फळ्यावर तिसरा रकाना काढला. माया, दया, छाया, पाया, वाया. या शब्दांतला ‘य’ दोन्हीकडे ‘य’च राहतो. पुस्तकात ‘ळ’ आणि ‘य’ अशी दोन वेगळी घरे आहेत, आपल्या बोलीत ती दोन्ही कुटुंबे एका घरात राहतात, त्यामुळे पुस्तकाकडे जाताना कोण कुठले ते लक्षात ठेवावे लागते, असे त्यांनी समजावले. पुढे भाषाशास्त्राची थोडीफार पुस्तके वाचनात आली, पण हा मुद्दा याहून स्वच्छ मांडलेला मला कुठे आढळला नाही.

त्यानंतर दर शनिवारी सकाळच्या शाळेत प्रत्येकाने घरून एक शब्द आणायचा असा परिपाठ पडला. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठा (सगळा) असे शब्द आम्ही आजीला विचारून आणायचो आणि गुरुजी ते स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचे. चौथीत असताना त्यांनी आम्हाला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींविषयी सांगितले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांची बोली लेवा पाटीदारांची, आमच्या अहिराणीहून वेगळी. पण त्यांच्या ओळीतला ‘वढाय’ म्हणजे पुस्तकातला ‘ओढाळ’, हे गुरुजींनी फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गात एकदम गलका झाला. आमचा ‘य’ कवितेत होता!

मी आज पुण्यात मुद्रितशोधक म्हणून काम करतो. एखाद्या लेखकाच्या हस्तलिखितात वेगळे रूप दिसले तर लगेच काट मारत नाही. आधी त्यामागे काही नियम आहे का ते शोधतो.

केळीबाग यांचे उत्तर

नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, आता जळगावला लेखापाल म्हणून काम करते. साक्रीकर भाऊंचे उत्तर दोनदा वाचले. आमच्या घरीही लेवा बोलीच होती, त्यामुळे तो ‘य’ माझ्याही ओळखीचा आहे.

माझी आठवण गणिताच्या सरांची आहे. १९८८ साली मी आठवीत होते. गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि हायस्कूल शेजारच्या गावी, पायी तासाभराच्या वाटेवर. माझ्या बरोबरीच्या बहुतेक मुली सातवीनंतर घरी बसल्या. मलाही वडिलांनी ‘एक वर्ष जा, मग बघू’ अशा बोलीवर पाठवले होते. मुलींना फी नव्हती. अडचण होती ती वाटेची, आणि घरातल्या कामाला कमी पडणाऱ्या दोन हातांची.

सर क्षेत्रफळाचा धडा शिकवत होते आणि वर्गाला तो जड जात होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ते आम्हा पंधरा-सोळा मुलामुलींना घेऊन थेट आमच्या मळ्यात आले. वडिलांची केळीच्या कांदेबागेची तयारी चालली होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे जून-जुलैत लावतात ती मृगबाग आणि दिवाळीच्या आगेमागे लावतात ती कांदेबाग; तेव्हा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे आमच्याकडे आलेली नव्हती, कंदच लावत असत. सरांनी सुतळीचे बिंडे आणले होते. वडिलांना राम राम करून त्यांनी परवानगी घेतली, चार खुंट्या ठोकायला लावल्या आणि प्रत्येक बाजू ३३ फूट भरेल असा चौकोन सुतळीने आखून घेतला. ‘हा एक गुंठा,’ ते म्हणाले, ‘३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० मिळून एकर होतो.’ एकर किती मोठा असतो हे मी जन्मापासून ऐकत होते, पण गुंठा पायांनी चालून पाहिला तो त्या दिवशी.

मग सुतळीला पाच-पाच फुटांवर गाठी मारल्या, कारण लागवड पाच बाय पाचवर होती, आणि जिथे गाठ येईल तिथे एकेक खडा ठेवायला सांगितला. एका कंदाला पाच बाय पाच म्हणजे २५ चौरस फूट, म्हणून १,०८९ भागिले २५, गुंठ्याला ४३ आणि वर थोडे, असे आम्ही वहीत आधीच काढले होते. खडे मोजले तर ते ४९ भरले. आम्ही पुन्हा मोजले. ४९च. हिशेब चुकला की खडे चुकले, यावर बराच वाद झाला आणि सर बांधावर बसून शांतपणे ऐकत राहिले. शेवटी त्यांनी कडेच्या खड्याशी मला उभे केले आणि विचारले, ‘या झाडाची जागा सगळी या चौकोनातच आहे का?’ तेव्हा उमगले की कडेवरच्या झाडाची अर्धी जागा सुतळीच्या पलीकडे जाते, पण खडे मोजताना आपण ते झाड पूर्ण धरतो. मग त्यांनी तोच हिशेब अख्ख्या एकराच्या चौकोनासाठी करायला लावला. भागाकाराने १,७४२ आणि रांगा मोजून ४२ गुणिले ४२ म्हणजे १,७६४. तुकडा मोठा झाला की कडेचा फरक कसा विरत जातो, हे आम्ही मातीत उभे राहून पाहिले.

वडील हे सगळे खोडाला टेकून पाहत होते. त्यांनी सरांना विचारले, ‘मग आमचे एकरात सोळाशेच का बसतात?’ सरांनी उत्तर दिले नाही. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘तू सांग.’ मी बांध धरला, पाण्याचा पाट धरला, विहिरीभोवतीची जागा धरली आणि उभ्या उभ्या वहीत वजाबाकी करून सोळाशेच्या जवळपासचा आकडा काढून दाखवला. वडील काहीच बोलले नाहीत. परंतु पुढच्या हंगामात केळी भरून गेली तेव्हा काट्याची पावती त्यांनी प्रथमच माझ्या हातात दिली. त्या पावतीत वजनाच्या बेरजेत एका क्विंटलची चूक होती आणि ती मी शोधली. नववीला जायचे की नाही, याची चर्चा आमच्या घरात पुन्हा निघाली नाही.

सर आमच्याच मळ्यात का आले, हे मला फार उशिरा कळले. हायस्कूलमधल्या एका बाईंनी माझ्या लग्नात सांगितले की मी शाळा सोडणार असल्याचे सरांच्या कानावर आले होते. वडिलांना भेटून समजावून सांगता आले असते. तसे करणारे शिक्षकही पुष्कळ असतात आणि त्यांचेही मोल आहेच. सरांनी मात्र समजावण्याचा एक शब्दही उच्चारला नाही.

वाघूर यांचे उत्तर

बोरीकाठ दादा, आपण अमळनेरला राहता, म्हणून ही आठवण आपल्याला विशेष जवळची वाटेल. ती माझी नाही, माझ्या आजोबांची आहे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती, हे सर्वांना माहीत आहे. आजोबा त्यांतली अखेरची तीन वर्षे त्या छात्रालयात होते. गुरुजी मुलांचे कपडे धुवत, खोल्या झाडत, हे सगळे त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले. पण ते सांगताना आजोबांचा आवाज जितका भरून येत नसे, तितका तो छात्रालयाच्या हस्तलिखित दैनिकाविषयी सांगताना येई. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत. आजोबा म्हणायचे की सकाळी तोंड धुण्याआधी मुले तो अंक वाचायला धावत, कारण त्यात थोरामोठ्यांच्या गोष्टींबरोबर छात्रालयात काल काय घडले तेही असायचे. एका शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या कालच्या दिवसाविषयी कुणीतरी शाईने लिहिलेले वाचणे, ही त्या काळी केवढी गोष्ट असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

१९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती उतरवून घेणारे हातही गुरुजींचेच. आजोबांना शिक्षण मॅट्रिकच्या आधी सोडावे लागले आणि ते शेतीला लागले. त्यांनी मात्र त्या वर्षापासून रोजनिशी लिहायला सुरुवात केली आणि १९९० साली वारले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती लिहिली. ‘मृग निघाला, पाणी नाही.’ ‘कपाशीची दुसरी वेचणी, बायका अकरा.’ ‘धाकट्याला ताप, रात्र जागून.’ अशा दोन-तीन ओळी, रोज. १९७२च्या दुष्काळातली वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात सलग कित्येक पानांवर ‘आभाळ कोरडे’ एवढेच दोन शब्द आहेत, पण एकही तारीख सुटलेली नाही.

बोरीकाठ यांचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. केळीबाग ताई, आपले उत्तर मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्यांचे माहेर फैजपूरचे. सुतळीच्या गाठींपाशी त्यांनी मला थांबवले आणि तो भाग परत वाचायला लावला. वाघूर भाऊ, १९७२च्या वहीची पाने कृपया कुठल्या तरी ग्रंथालयाला दाखवावीत, ती फक्त घरात राहू नयेत.

एक गोष्ट आणखी विचारतो. आमच्या तुकडीतल्या एका मित्राने कळवले की त्याला शाळेची आठवणच नको आहे, तो मेळाव्यालाही येणार नाही. त्याला वर्गात जी वागणूक मिळाली ती मी पाहिली होती आणि तेव्हा मी गप्प होतो. ज्यांच्या वाट्याला शाळेत प्रामुख्याने दुःखच आले, त्यांच्याही आठवणी अशा लेखात याव्यात का?

अक्राणी यांचे उत्तर

याव्यात, असे मला वाटते. मी धडगावच्या डोंगरातला. घरची बोली पावरी. मी आश्रमशाळेत दाखल झालो तेव्हा वडिलांना माझी जन्मतारीख सांगता आली नाही आणि नाव सांगितले ते लिहून घेणाऱ्याला नीट कळले नाही. त्याने रजिस्टरमध्ये स्वतःच्या सोयीचे एक नाव लिहिले आणि पुढे १ जून ही तारीख टाकली. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे. आईने ठेवलेले नाव मला वर्गात पुन्हा ऐकू आले नाही, आणि पहिली दोन वर्षे हजेरीच्या वेळी नव्या नावाला ‘हजर’ म्हणायला मी विसरत असे, त्याबद्दल मार खात असे. आपल्या मित्राला शाळेची आठवण का नको असेल, हे मी समजू शकतो.

तिसरीत एक गुरुजी आले. त्यांनी रजिस्टरमधली नोंद बदलण्याचा प्रयत्न केला, पण ती प्रक्रिया त्यांच्या हातातली नव्हती. म्हणून त्यांनी शंभर पानी वही विकत आणली. सुट्टीच्या दिवशी ते पाड्यापाड्यांवर चालत जायचे. आमच्याकडे घरे टेकड्यांवर विखुरलेली असतात, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा दिवस लागतो. प्रत्येक मुलाच्या आईसमोर बसून, बरोबर थोरल्या वर्गातला एक मुलगा दुभाषा घेऊन, ते विचारायचे की हा कधी जन्मला, तेव्हा काय चालले होते, कोणते पीक उभे होते, नाव कुणी ठेवले. माझ्या आईने सांगितले की होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातून ती परतली त्याच्या दुसऱ्या पहाटे मी झालो, अंगणातल्या मोहाखाली पहिली फुले पडली होती आणि आजी ती वेचायला उठली होती. गुरुजींनी ते सगळे जसेच्या तसे उतरवून घेतले, वर माझे खरे नाव लिहिले आणि त्या दिवसापासून वर्गात मला त्याच नावाने हाक मारली. हजेरीपटावर मात्र सरकारी नाव राहिले. ते पुकारण्याआधी ते एकदा माझ्याकडे पाहत, म्हणजे माझा नंबर आला हे मला कळे.

सातवी संपल्यावर शाळेच्या दाखल्याबरोबर त्यांनी प्रत्येकाला त्या वहीतले आपापले पान कापून दिले. माझे पान माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटले होते, म्हणून मागून पातळ कापड लावून घेतले आहे.

मी आरोग्य सेवक आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि आमच्या भागात पावसाळ्यात ओढे भरले की ते सोपे नसते. मी माझ्याकडे एक वेगळी वही ठेवतो. बाळंतपणाची खबर आली की तारीख, वेळ आणि आईने उच्चारले तसे नाव मी तिच्यासमोर लिहितो आणि तिला वाचून दाखवतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या पाड्यांवर १ जूनला जन्मलेली मुले आता तेवढीच आहेत, जेवढी खरोखर १ जूनला जन्मली.

शाळामास्तर यांचे उत्तर

मी सध्या भुसावळ तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे, अठरावे वर्ष चालू आहे. अक्राणी दादांचे उत्तर काल रात्री वाचले. माझ्या वर्गात यंदा वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली तीन मुले आली आहेत आणि त्यांची घरची नावे मी अजून विचारलेली नव्हती. आज मधल्या सुट्टीत विचारली. एकाला त्याची आई ‘भुऱ्या’ म्हणते, तो हे सांगताना लाजला आणि मग दिवसभर माझ्या टेबलाजवळ घुटमळत राहिला. साक्रीकर भाऊ, आपले तीन रकाने मी उद्या फळ्यावर काढणार आहे. काय झाले ते इथे कळवीन.

बोरीकाठ यांचे उत्तर

सर्वांना नमस्कार. आठ दिवस मी इथे फिरकलो नाही, कारण गावी गेलो होतो. आपली उत्तरे वाचून मनात आले की आठवत नसेल तर शोधावे. आईच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत, जुन्या सातबाऱ्यांच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली, माझी नववीची निबंधाची वही सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, मधली पाने शाबूत आहेत.

तिच्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आहे. मी लिहिले होते की धरणीमातेने हिरवा शालू नेसला आहे आणि नदी दुथडी भरून वाहते आहे. ‘नदी दुथडी भरून’ या शब्दांखाली लाल रेघ आहे आणि समासात त्या डावीकडे झुकलेल्या अक्षरांत पाच शब्द आहेत: ‘हे तू कधी पाहिलेस का?’ ते शब्द दिसताक्षणी मला सगळे आठवले. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. श्रावण निम्मा सरला तरी बोरीला पाणी नव्हते आणि आम्ही वाळूत झिरे खणून घागरी भरत होतो. निबंध मी मार्गदर्शक पुस्तकातून उतरवला होता. सर ना रागावले, ना त्यांनी गुण कापले. गुणांची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. पुढच्या पानावर तोच निबंध मी पुन्हा लिहिला आहे. त्यात झिऱ्यातले पाणी वाटीने वर काढताना तळाची वाळू ढवळू नये म्हणून आई श्वास रोखून धरते, असे एक वाक्य आहे. त्याखाली सरांनी लिहिले आहे, ‘आता नदी दिसली.’ आणि दहापैकी आठ गुण.

नोकरीत मी गिरणा, बोरी, अनेर या नद्यांवरच्या कामांत ३३ वर्षे घालवली. कालव्याच्या शेवटच्या चारीला पाणी पोहोचले, असा अहवाल कार्यालयात बसून लिहिण्याची सोय होती आणि तो तसा लिहिलेलाही मी पाहिला आहे. मी मात्र सही करण्याआधी शेवटच्या चारीवर जात असे. त्यामुळे काही वेळा वरिष्ठांची नाराजी ओढवली, दोनदा बदलीही झाली. हे असे का करावेसे वाटते, याचे कारण मला कुणी विचारले असते तर आठवड्यापूर्वी मला सांगता आले नसते.

अक्राणी दादा, आपले म्हणणे मानून मी त्या मित्राला भेटून आलो. तेव्हा गप्प राहिलो याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो मेळाव्याला येणार नाही, तो त्याचा निर्णय आहे. पण त्याने स्वतःविषयी एक पान लिहून द्यायचे कबूल केले आहे आणि ते एकही शब्द न बदलता छापले जाईल. सरांनाही हे आधी सांगणार आहे.

शनिवारी सकाळी सरांकडे जातो आहे. त्यांच्या मुलीशी बोललो. ती म्हणाली की ते सकाळी नऊ ते अकरा ताजेतवाने असतात आणि कुणी काही वाचून दाखवले तर त्यांना आवडते. वही बरोबर नेतो आहे. दोन्ही निबंध वाचून दाखवीन, आधी दुथडी भरलेल्या नदीचा, मग झिऱ्याचा, आणि समासातले त्यांचे शब्दही.